बांधकामावरचे धोके: अपघातानंतरची मदत आणि अपघाताआधीचा हक्क

हा लेख कोणासाठी: गवंडी, बिगारी, सेंट्रिंग कामगार, फिटर, रंगारी, वायरमन, खोदकाम करणारे मजूर, त्यांचे कुटुंबीय आणि कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेले मराठी कामगार.

बांधकाम कामगारांच्या योजनांबद्दल आम्हाला येणारे बहुतेक प्रश्न पैशांचे असतात. संच कधी मिळणार, मुलीची शिष्यवृत्ती कुठे अडली, मृत्यूनंतरचे अर्थसाहाय्य किती. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे या पोर्टलवर दिलेली आहेत. पण ज्या धोक्यामुळे ते अर्थसाहाय्य घ्यायची वेळ येते, त्याबद्दल क्वचितच कोणी विचारते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली एक संहिता कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची आहे. त्यामुळे हा विषय पुन्हा एकदा नीट समजून घ्यायची वेळ आली आहे.

काय घडले, कुठे घडले

हे मराठी पान चेन्नईच्या अंबत्तूर भागात बसून लिहिले जाते. अंबत्तूर ही १९६० च्या दशकात उभी राहिलेली औद्योगिक वसाहत. २०११ मध्ये ती चेन्नई महापालिकेत आली. आज इथे कारखान्यांच्या जोडीला कार्यालयांच्या आणि राहत्या इमारतींची कामे चालतात आणि त्या कामांवर तमिळ बोलणाऱ्यांइतकेच उडिया, बंगाली, असमिया आणि हिंदी बोलणारे मजूर दिसतात.

चेन्नईच्या उत्तरेला एन्नोर येथे औष्णिक वीज प्रकल्पाच्या कामावर ३० सप्टेंबर २०२५ रोजी उभारणी चालू असलेला पोलादी सांगाडा कोसळला. ९ स्थलांतरित कामगार मृत्युमुखी पडले. ते आसाममधून आले होते. पंतप्रधान मदत निधीतून आणि तमिळनाडू सरकारकडून मदत जाहीर झाली.

त्याआधी २८ जून २०१४ रोजी चेन्नईच्या मौलिवाक्कम भागात बांधकाम चालू असलेली ११ मजली इमारत संध्याकाळी पावसात खाली बसली. ६१ जण गेले. त्यात आंध्र प्रदेश आणि ओडिशातून आलेल्या मजुरांची संख्या मोठी होती. शेजारची दुसरी इमारतही धोकादायक ठरली आणि २ नोव्हेंबर २०१६ रोजी स्फोटाने पाडावी लागली. मौलिवाक्कमच्या घटनेनंतर आठ दिवसांनी, ६ जुलै २०१४ रोजी, तिरुवळ्ळूर जिल्ह्यातल्या उप्पलमडुगू गावात गोदामाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून ११ जणांचा जीव गेला.

महाराष्ट्रातले चित्र वेगळे नाही:

- २९ जुलै २०१६, पुणे, बालेवाडी: उंच मजल्यावरचा स्लॅब टाकताना कोसळला, ९ कामगार मृत.
- २९ जून २०१९, पुणे, कोंढवा: सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ मृत, त्यात ४ मुले.
- ३ फेब्रुवारी २०२२, पुणे, येरवडा: स्लॅबसाठी बांधलेली लोखंडी जाळी कोसळली, ५ मृत.
- १ ऑगस्ट २०२३, शहापूर, सरळांबे: समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र मध्यरात्री खाली आले, २० मृत. त्यात तमिळनाडूतून आलेलेही होते.
- १० सप्टेंबर २०२३, ठाणे, बाळकुम: उंच इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळली, ७ मृत.

ही यादी तारखा झाकून वाचा. उप्पलमडुगू आणि कोंढवा ही एकच घटना दोन राज्यांत, पाच वर्षांच्या अंतराने घडली असे वाटेल. पावसाळ्याचे दिवस, भिजलेली माती, वरून दाब आलेली भिंत आणि तिच्या पायथ्याशी मजुरांचे बिऱ्हाड. बालेवाडी आणि येरवडा या दोन्ही ठिकाणी जे उभे करायचे होते, तेच खाली आले. म्हणजे हे अपघात 'नशिबात होते' म्हणून होत नाहीत. ते ठरावीक चार-सहा प्रकारे होतात. आणि जे ठरावीक प्रकारे होते, ते आधी ओळखताही येते.

धोका आणि जोखीम यांत फरक काय?

सुरक्षेच्या सरकारी कागदांत 'हॅझर्ड' आणि 'रिस्क' असे दोन शब्द येतात. मराठीत आपण दोन्हींना 'धोका' म्हणतो आणि त्यामुळे कामाचा मुद्दा हातातून निसटतो. सोप्या भाषेत असे समजा:

- धोका म्हणजे इजा करू शकणारी वस्तू किंवा स्थिती. उदा. लिफ्टच्या डक्टचे उघडे तोंड.
- जोखीम म्हणजे त्या धोक्यामुळे प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता, आणि झाली तर ती किती मोठी असेल. त्या डक्टजवळून दिवसभरात एकच माणूस उजेडात जात असेल तर जोखीम कमी. डोक्यावर घमेले घेतलेल्या दहा बायका संध्याकाळी अंधारात तिथून ये-जा करत असतील तर जोखीम फार मोठी.

धोका डोळ्याला दिसतो. जोखमीचा मात्र विचार करावा लागतो: इथून कोण जाते, कधी जाते, किती वेळा जाते. हा विचार करायला इंजिनिअर असावे लागत नाही. जो रोज त्या जागी काम करतो, त्याला तो जास्त चांगला करता येतो.

कामाला हात लावण्याआधी पाहायच्या सहा गोष्टी

१. उंची. उघडे डक्ट, जिन्याच्या कडा, बाल्कनीच्या कडा आणि स्लॅबमधली भोके यांना कठडा किंवा पक्के झाकण आहे का? फक्त प्लायचा तुकडा टाकून ठेवलेले भोक हे उघड्या भोकापेक्षा वाईट, कारण त्यावर माणूस विश्वासाने पाय ठेवतो. परांचीच्या फळ्या एकमेकींना लागून आणि बांधलेल्या आहेत का? परांची इमारतीला ठिकठिकाणी बांधली आहे का? शिडी वरच्या कडेच्या सुमारे १ मीटर वर निघालेली असावी आणि साधारण चार हात उंचीला एक हात पाया इतक्या कलाने टेकवलेली असावी.

२. सेंट्रिंग. टेकू किंवा जॅक सरळ उभे आहेत का? त्यांच्या खाली विटांचे तुकडे किंवा मऊ माती आहे का? आडव्या-तिरक्या पट्ट्या मारल्या आहेत का? काँक्रीट एकाच कोपऱ्यात ढीग करून ओतले जाते आहे का? स्लॅब टाकताना खालच्या मजल्यावर कोणी थांबू नये. सेंट्रिंग कधी काढायचे हे मुकादमाने नव्हे, इंजिनिअरने ठरवायचे असते.

३. खोदकाम. १.५ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण छातीपेक्षा, खोल खड्ड्यात उतरायचे असेल तर बाजूंना आधार हवा किंवा त्या उतरत्या कापलेल्या हव्यात. काढलेली माती कडेला रचू नये. कडेपासून निदान १.५ मीटर जागा मोकळी हवी. रात्री पाऊस पडला असेल तर सकाळी खड्डा पुन्हा तपासल्याशिवाय कोणी उतरू नये. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून जास्त भरते. कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूसही हाताने ओढून निघत नाही.

४. वीज. जोडलेल्या, सोललेल्या वायर पाण्यातून गेल्या आहेत का? प्लग न लावता वायरची टोके थेट सॉकेटमध्ये खोचली आहेत का? बोर्डावर गळती पकडून वीज तोडणारे स्विच, म्हणजे ईएलसीबी, आहे का? लोखंडी सळ्या किंवा परांचीचे पाइप उचलताना वरून उघडी वीजवाहिनी जाते का, हे आधी पाहा.

५. उचलणारी यंत्रे. लिफ्ट, क्रेन, हॉइस्ट. माल वाहायच्या लिफ्टमधून माणसांनी जाऊ नये. माणसांच्या लिफ्टवर किती जण चढू शकतात हे लिहिलेले असावे. उचललेल्या मालाखाली कोणीही उभे राहू नये, आणि त्या जागेला दोरी किंवा पट्टी लावून रस्ता बंद केलेला असावा. १२ जून २०२५ रोजी चेन्नईच्या रामापुरम भागात मेट्रोच्या कामाचा गर्डर रस्त्यावर पडून दुचाकीवरचा एक माणूस गेला. तो कामगारही नव्हता. वर काम चालू असताना खालची जागा मोकळी ठेवणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

६. राहण्याची जागा. ही गोष्ट सुरक्षेच्या तक्त्यात बहुधा नसते. बांधकामावरच्या मजुरांना तात्पुरता निवारा मोफत देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. पण तो निवारा कुठे बांधला, हे पाहणे तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. तुमची खोली भिंतीला, मातीच्या कड्याला किंवा खोदलेल्या खड्ड्याच्या काठाला टेकून असेल, तर पावसाळ्याआधी जागा बदलून मागा. कोंढव्यात गेलेली माणसे तेव्हा कामावर नव्हती. रात्री आपल्या खोलीत झोपलेली होती.

याशिवाय उन्हाळ्यात उष्णता हाही धोका मानायचा. तमिळनाडूने २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केले. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या कामगारांना हे वेगळे सांगायला नको. दुपारची वेळ टाळून काम, सावली आणि प्यायचे पाणी या साइटवर मिळायच्याच गोष्टी आहेत.

हेल्मेट सर्वांत शेवटी का?

सुरक्षा म्हटले की हेल्मेट, बूट आणि पट्टा डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या सुरक्षा संचातही याच वस्तू असतात. त्या घ्या आणि वापरा. पण धोका आटोक्यात आणण्याचा जगभर मानला जाणारा क्रम असा आहे:

१. धोकाच काढून टाका. (जे काम जमिनीवर जोडून वर नेता येते, ते उंचीवर करू नका.)
२. कमी धोक्याची पद्धत वापरा. (बांबूच्या डळमळीत परांचीऐवजी पक्की लोखंडी परांची.)
३. धोका आणि माणूस यांच्यामध्ये अडसर घाला. (कठडा, जाळी, डक्टला झाकण.)
४. कामाची शिस्त लावा. (परवानगीशिवाय प्रवेश नाही, पाळी, प्रशिक्षण, फलक.)
५. शेवटी अंगावरची साधने. (हेल्मेट, पट्टा, बूट.)

पहिल्या तीन गोष्टींचा खर्च मालकाने आणि ठेकेदाराने करायचा असतो. शेवटच्या गोष्टीची जबाबदारी मात्र सहज कामगारावर ढकलता येते. म्हणूनच अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, 'हेल्मेट घातले होते का?' मौलिवाक्कमला ११ मजले अंगावर आले. तिथे हेल्मेटचा काय उपयोग होणार होता? पट्टा अडकवायला पक्की दोरीच नसेल, तर कमरेचा पट्टा म्हणजे नुसते ओझे. तेव्हा कोणी संच देऊन 'आता तुमची सुरक्षा झाली' म्हणत असेल, तर कठडा कुठे आहे, हे विचारा.

नव्या संहितेने काय बदलले?

आधी १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा होता. त्यातला सुरक्षेचा भाग आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये आला आहे. कल्याण मंडळ, उपकर आणि नुकसानभरपाई हा भाग सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला आहे. कामगाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या तरतुदी अशा:

- नियुक्तीपत्र. कामावर घेतल्याचा लेखी कागद देणे मालकावर बंधनकारक आहे. नाक्यावरून उचललेल्या मजुराला तो मिळतो का, हा खरा प्रश्न आहे. पण मागण्याचा हक्क आता स्पष्ट झाला आहे.
- माहितीचा हक्क. तुमच्या सुरक्षेशी आणि आरोग्याशी संबंधित माहिती तुम्ही मालकाकडे मागू शकता.
- कळवण्याचा हक्क. मोठी इजा किंवा मृत्यू होण्याची शक्यता समोर दिसत असेल, तर तुम्ही मालकाला कळवू शकता आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकता. धोका खरा आहे असे मालकाला पटले, तर त्याने लगेच उपाय करायचा आणि त्याचा अहवाल निरीक्षकाला पाठवायचा.
- शिक्षा. सुरक्षेच्या कर्तव्यात कसूर झाल्यामुळे मृत्यू झाला, तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. या दंडातली किमान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते.

आता दुसरी बाजू. ही संहिता १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. गल्लीतल्या चार-सहा माणसांच्या कामावर तिचा हात पोचत नाही. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती २५० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या बांधकामावर आहे. त्यामुळे मधल्या आकाराच्या कितीतरी साइटवर हे काम सुपरवायझर किंवा मुकादमच बघतो, आणि काम वेळेत संपवण्याची घाईही त्यालाच असते. आणखी एक गोष्ट: कायदा तुम्हाला धोका कळवण्याचा हक्क देतो. पण 'काम थांबवा, तरी त्या दिवसाची हजेरी मिळेल' असे तो सरळ शब्दांत सांगत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला अडवते ती नेमकी हीच गोष्ट. जो बोलतो त्याला उद्या बोलावले जात नाही, ही भीती खरी आहे.

म्हणून एकट्याने बोलू नका. चार-पाच जणांनी मिळून सुपरवायझरला सांगा. उघड्या डक्टचा किंवा वाकलेल्या टेकूचा फोटो काढून तारखेसह व्हॉट्सअॅपवर पाठवा. तोंडी सांगितलेले कोणी नाकारू शकते, पाठवलेला फोटो नाकारणे अवघड असते. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. तमिळनाडूत बांधकामाच्या सुरक्षेचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते.

नोंदणी: ९० दिवसांचा प्रश्न

१८ ते ६० वयाचा आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेला कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करू शकतो. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो. हा पैसा कोणाची मेहरबानी नाही, तो तुमच्याच कामावर गोळा झालेला आहे.

तमिळनाडूने हाताने काम करणाऱ्या कामगारांसाठी १९८२ मध्येच कायदा केला आणि १९९४ मध्ये बांधकाम कामगारांचे मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राचे मंडळ १ मे २०११ चे. मंडळे झाली, तरी पैसा योग्य हातात पोचतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात या निधीच्या वापरावर कडक ताशेरे ओढले. कामगारांच्या पैशांतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचाही उल्लेख त्या निकालात आहे.

नोंदणीत सर्वांत जास्त अडते ते ९० दिवसांचे प्रमाणपत्र. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की 'हा माझ्याकडे कामाला होता' हे कागदावर येते. मग एजंट पैसे घेऊन कोणाचीही सही आणून देतो. हे टाळा. त्या खोट्या कागदावर ज्याचे नाव असते, त्याच्याकडे तुम्ही कधी कामच केलेले नसते. उद्या अपघात झाला, तर खरा मालक शोधताना तोच कागद तुमच्या आड येऊ शकतो. ठेकेदार सही देत नसेल, तर ग्रामसेवक किंवा नगरपालिका, महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे, तिथे विचारा. रोजची हजेरी, साइटचा पत्ता आणि मुकादमाचे नाव एका वहीत लिहून ठेवा.

मंडळाची मदत आणि मालकाची भरपाई: दोन वेगळे हक्क

या लेखातला हा भाग घरच्यांना वाचून दाखवा. कारण त्याची गरज पडते तेव्हा बहुतेक वेळा कामगार स्वतः बोलायला नसतो.

महाराष्ट्रात नोंदणी चालू असलेल्या कामगाराचा कामावर असताना मृत्यू झाला, तर वारसाला मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. नैसर्गिक मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आहेत. ही झाली कल्याण योजनेची मदत.

मालकाने द्यायची नुकसानभरपाई वेगळी. तिचा हिशोब असा: मासिक मजुरीच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. २०२० पासून हिशोबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जाते. ३० वर्षांच्या कामगारासाठी वयाचा आकडा २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. वय ४५ असेल, तर आकडा १६९.४४ आणि भरपाई १२,७०,८०० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर ५० ऐवजी ६० टक्के धरतात.

म्हणजे मंडळाचे ५ लाख मिळाले, म्हणून मालकाचे १५ लाख सुटत नाहीत. दोन्ही मागता येतात. (ईएसआय लागू असलेल्या कामगाराच्या कुटुंबाला भरपाईऐवजी त्या महामंडळाकडून लाभ मिळतो.) या भरपाईबद्दल पाच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

- परस्पर दिलेले पैसे म्हणजे भरपाई नव्हे. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. '५०,००० घ्या आणि इथे सही करा' अशा कागदाने तुमचा हक्क संपत नाही.
- 'हेल्मेट नव्हते', 'दारू प्यायला होता' ही सबब मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही.
- ठेकेदार पळाला तरी मूळ मालक जबाबदार असतो. ज्याचे काम चालू होते, त्याच्याकडे मागणी करता येते.
- अर्ज गावाकडूनही करता येतो. अपघात चेन्नईला झाला आणि पत्नी हिंगोलीला राहते, तर ती राहत असलेल्या भागातल्या अधिकाऱ्याकडे दावा करू शकते. मुदत २ वर्षांची.
- उशीर झाला तर व्याज. महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर व्याज आणि वर दंडही लागू शकतो.

नव्या संहितेने यात एक भर घातली आहे. घर आणि कामाची जागा यांच्यामध्ये ये-जा करताना झालेला अपघात, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचा अपघात धरला जाईल.

याखेरीज बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाखांचे अपघात संरक्षण मिळते. वयाची अट १८ ते ७० वर्षे. खात्यात शिल्लक नसल्यामुळे हप्ता कापला गेला नाही, तर संरक्षण थांबते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खाते तपासा.

दुसऱ्या राज्यात कामाला असाल तर

नव्या संहितेत ठेकेदाराने आणलेला कामगार तर 'आंतरराज्य स्थलांतरित कामगार' आहेच, पण स्वतःहून आलेलाही आहे. मजुरीची मर्यादा महिन्याला १८,००० रुपये. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर उपकराच्या निधीतले लाभ चालू राहावेत, अशी योजना सरकारने करावी, असेही संहिता सांगते. पण प्रत्येक राज्याच्या मंडळाचे नियम आणि रकमा आजही वेगवेगळ्या आहेत. त्यामुळे ज्या राज्यात काम करता, तिथल्या मंडळाकडे नोंदणीची चौकशी करा आणि ई-श्रम कार्ड जवळ ठेवा. ई-श्रमची मदत १४४३४ या क्रमांकावर मिळते.

तमिळनाडूत असाल तर साइटवरचे काही शब्द कानाला ओळखीचे करून घ्या. अबायम म्हणजे धोका. आपल्या 'अपाय' शब्दाचाच तो भाऊ. जाक्किरदै म्हणजे सावध, आपल्या 'जागृत'च्या जवळचा. मेले म्हणजे वर, कीळे म्हणजे खाली. तळ्ळि पो म्हणजे बाजूला हो. सारम म्हणजे परांची. उदवी म्हणजे मदत. सुरक्षेच्या सूचना कामगाराला कळणाऱ्या भाषेत मिळाल्या पाहिजेत, ही मागणी तुम्ही करू शकता आणि करावी. पण वरून सळी सुटली, तर 'तळ्ळि पो' ही हाक समजायला दुभाषा येईपर्यंत वेळ नसतो.

अपघात झालाच तर

१. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. जखमीला मातीतून किंवा सळ्यांतून हिसका देऊन ओढू नका. विजेचा धक्का असेल, तर आधी मुख्य स्विच बंद करा.
२. रुग्णालयात 'बांधकामावर काम करताना अपघात' असे नोंदवायला सांगा. 'घरी पडला' असे कोणी लिहायला लावत असेल तर नकार द्या.
३. पोलिसांत नोंद करा आणि प्रत घ्या. मृत्यू झाला असेल, तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत लागते.
४. जागेचे फोटो, सोबतच्या कामगारांची नावे व फोन क्रमांक, ठेकेदाराचे आणि मूळ मालकाचे नाव, साइटवरच्या फलकाचा फोटो हे सगळे त्याच दिवशी जमवा. दोन दिवसांनी जागा साफ केलेली असते आणि सोबती दुसऱ्या साइटवर गेलेले असतात.
५. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही, अंगठा करू नका.
६. कामगार आयुक्त कार्यालयात भरपाईची आणि मंडळाकडे योजनेची मागणी करा. दोन्ही अर्ज स्वतंत्र असतात.

थोडक्यात

- धोका आधी दिसतो. उंची, सेंट्रिंग, खड्डा, वीज, लिफ्ट-क्रेन आणि राहण्याची जागा या सहा ठिकाणी रोज सकाळी एकदा नजर टाका.
- कठडा आणि आधार आधी, हेल्मेट नंतर. पण हेल्मेट घालाच.
- धोका दिसला तर चार जण मिळून कळवा आणि पुरावा ठेवा.
- नोंदणी खऱ्या प्रमाणपत्रावर करा आणि वेळेवर नूतनीकरण करा.
- मंडळाची मदत वेगळी, मालकाची भरपाई वेगळी. घरात हे एकाला तरी माहीत असू द्या, आणि साइटचा पत्ता व ठेकेदाराचा फोन क्रमांक घरी लिहून ठेवा.